पालथा हात

आप्पा, मला ताप आला होता. आता उतरलाय, म्हणून लिहायला बसले आहे. अंगात होता तेव्हा पेनसुद्धा उचलवत नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला तापाची खबर कळवायची म्हणजे वेडेपणाच, पण दुसऱ्या कुणाला कळवायची सोय मी ठेवलेली नव्हती. का नव्हती ते सांगते.

मी सध्या सोलापुरात असते, शुक्रवार पेठेत, एका म्हाताऱ्या आज्जींच्या घराच्या वरच्या खोलीत. घर माझं कोल्हापूरला. नवरा तिथं, मुलगा तिथं, माझा चहाचा कपसुद्धा तिथंच राहिलाय. बँकेत सगळी नोकरी एकाच खुर्चीत काढली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर प्रमोशन मिळालं, बदलीसकट. घरात सगळे समजावून थकले. "या वयात एकटी राहणार? आजारीबिजारी पडलीस म्हणजे?" नवऱ्याचा हा एकच मुद्दा, पण तो त्याने इतक्या वेळा मांडला की शेवटी मी चिडून म्हणाले, "पडले तर पडले. आप्पांसारखी वळकटी उचलून परत येणारी नव्हे मी." तुमच्या वळकटीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात तुम्ही फिटर होता, वरची जागा मिळाली आणि तिच्यासाठी तुम्हाला मुंबईला जावं लागलं. आईने वळकटी बांधून दिली, शेंगाचटणीचा डबा दिला, निम्मी गल्ली स्टेशनवर पोचवायला आली. आणि महिना भरायच्या आत एका सकाळी मी नळावर दात घासत उभी आहे, तर बोळातून तुम्ही चालत येताय. खांद्यावर तीच वळकटी, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आई दारात येऊन बघतच राहते. "काय झालं वो?" "काय न्हाय. ताप आल्ता." "मग?" "मग काय, आलो." एवढंच. मिळालेली जागा गेली, तुम्ही पुन्हा जुन्या कामावर जाऊ लागलात, आणि आईला जन्मभराचा विषय मिळाला. "लोकं तापाला गोळी घेत्यात, आमच्या मालकानं गाडीच घेतली," असं ती आल्यागेल्याला सांगायची. सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात. मला मात्र लाज वाटायची. माझे वडील मुंबईला साहेब होणार होते आणि तापाला भिऊन पळून आले, हे मैत्रिणींना कसं सांगायचं? एकदा जेवताना मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. घास हातात तसाच धरून तुम्ही म्हणालात, "ताप कुनालाबी येतोय गं. पर कपाळाला हात लावायला मानूस लागतंय." आई म्हणाली, "ऐका! हात लावून घ्यायला मुंबईस्नं आले!" विषय हसण्यावारी गेला, आणि तुम्ही तो पुन्हा कधी काढला नाही.

तर आता माझं ऐका. बँकेत आधी शिपायाला खोकला झाला, मग कॅशियरला, मग प्रसाद वाटावा तसा सगळ्यांना मिळाला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या आणि घरात कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. मी शहाण्यासारखी मान डोलावली. गोळ्या आणल्या, बिस्किटं आणली, रजा टाकली आणि पांघरूण घेऊन पडले. सोलापूरच्या उन्हात गोधडी लपेटून कुडकुडणारी बाई कुणी बघितली असती तर तिकीट लावलं असतं. सुरुवातीला माझी ऐट शाबूत होती. मग हाडं ठणकायला लागली, जीभ कडू पडली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला माठ मला कोल्हापूरइतका लांब वाटायला लागला. पाणी हवंसं वाटायचं, पण उठायचं कोण, म्हणून तशीच पडून राहायची. खाली रस्त्यावर रिक्षा जात होत्या, भाजीवाला ओरडत होता, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सगळ्या पेठेला आपापली कामं होती, आणि मी वर आहे की नाही याने कुणाचं काही अडत नव्हतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आप्पा. नवऱ्याचा फोन यायचा तेव्हा उठून बसायची, घसा खाकरायची आणि मग उचलायची. "आवाज असा का गं?" "मीटिंगमध्ये बोलून बोलून बसलाय." "बरी आहेस ना?" "मस्त." खरं सांगितलं असतं तर तो पुढच्या गाडीने आला असता, 'तरी मी म्हणत होतो' म्हणाला असता आणि मला घेऊन गेला असता. प्रमोशन तिथंच संपलं असतं. म्हणून मस्त.

थर्मामीटर माझ्याकडे नव्हता. तो नेहमी घरच्या कपाटात असतो, आणि कपाट घरी आहे. मग मी माझाच हात कपाळावर ठेवून बघितला. काही कळेना. हातही गरम, कपाळही गरम, कोण कुणाला सांगणार? तसाच हात ठेवून पडले होते तेव्हा तुमचा हात आठवला. लहानपणी अंग तापलं की तुम्ही वर्कशॉपातून आल्या आल्या, कपडेही न बदलता, माझ्या उशाशी बसायचात आणि हात पालथा करून कपाळाला लावायचात. पाने, हातोडे धरून तुमचे तळवे इतके राठ झाले होते की तुम्ही म्हणायचात, "ह्या तळव्याला काय कळत न्हाय, मागनं बघू." तुमच्या हाताला ग्रीसचा वास यायचा. हात थोडा वेळ तसाच राहायचा, मग तुम्ही आईला सांगायचात, "हाय जरा," किंवा "उतरला की." ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठले आणि बॅग भरायला लागले. ठरवलं वगैरे काही नव्हतं. कपडे घडी न घालता कोंबले, चप्पल घातली, कुलूप लावलं. एसटी स्टँडवर जायचं, कोल्हापूरची गाडी पकडायची, दारात उभं राहायचं, मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. भिंतीला धरून जिना उतरले. खालच्या पायरीपाशी आज्जी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांचं माहेर-सासर दोन्हीकडे तेलुगू, आमचं बोलणं तोवर भाडं आणि नळाचं पाणी यापलीकडे गेलेलं नव्हतं. त्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुटं निघालीस गं अम्मा?"

"घरी," मी म्हणाले, आणि तिथंच पायरीवर बसले.

त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पुढं झुकल्या आणि हात पालथा करून माझ्या कपाळाला लावला. "बोटाला तंबाखू हाय, म्हून असा," असं वर म्हणाल्या. थोडा वेळ हात तसाच ठेवला. "लई ताप हाय की! अशी जातीय व्हय कोन? गाडीत पडलीस तर? चल, आत पड."

मी रडले, आप्पा. पन्नाशी ओलांडलेली बँकेची साहेबीण, परक्या बाईच्या पायरीवर, नाक पुसत. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मला आत सतरंजीवर निजवलं आणि मिऱ्याचं, चिंचेचं कढत पाणी वाटीत घालून दिलं. ते त्याला चारू म्हणतात. घशातून उतरताना डोळ्यांत पाणी आलं, पण कडू जिभेला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली. मग त्या शेजारी बसून पुन्हा बिड्या वळायला लागल्या. अधूनमधून तो तंबाखूच्या वासाचा हात कपाळाला लागायचा आणि त्या कुणाला तरी सांगत असल्यासारख्या म्हणायच्या, "हाय अजून." घरात ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला खरं सांगितलं. त्याने विचारलं, "जवळ कोण आहे?" मी म्हणाले, "आज्जी आहेत." "येऊ का?" "नको. खरंच नको." तो 'तरी मी म्हणत होतो' म्हणाला नाही. इतकी वर्षं संसार केला, तरी मला तो पुरता कळलेला नाही.

तुम्ही तापाला भिऊन पळून आला नव्हतात. हे मला आता कळतंय, आणि आईला सांगावं तर तीही नाही. तुमच्या मुंबईच्या खोलीत चार माणसं असतील, आठ असतील, ती सकाळी उठून आपापल्या पाळीला जात असतील. जिन्याखाली तुम्हाला कुणी अडवलं नाही. तुमच्या-माझ्यात फरक एवढाच. नाहीतर मीही त्या दिवशी वळकटी घेऊन कोल्हापूरच्या बोळात उभी असते, आणि माझा मुलगा त्याच्या मुलांना माझी गोष्ट सांगून हसवत बसला असता.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही. लिहून झालं की गादीखाली सारीन. बॅग रिकामी केलीय, बँकेत जायला लागलेय, डॉक्टरांनी नवा थर्मामीटरही घ्यायला लावला. एक तेवढं सांगायचं राहिलं. काल बँकेतून आले तेव्हा आज्जी पायरीवरच बसल्या होत्या. मी पर्स खाली ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आज्जी, बघा बरं, पुन्हा कणकण वाटतीय." त्यांनी हात पालथा करून कपाळाला लावला. ताप नव्हता, आप्पा. थर्मामीटर माझ्या पर्समध्येच होता. त्यांनाही ते कळलं असणार, कारण हात त्यांनी बराच वेळ काढला नाही, आणि मग म्हणाल्या, "हाय जरा."