शेवटचा ऐन

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तुझ्या फॉन्टची नमुना-पुस्तिका येऊन दोन महिने झाले. कागद गुळगुळीत, छपाई झकास. अत्तराची खोकी, हॉटेलच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळीकडे अब्बांची नक्षीदार अरबी अक्षरं मिरवताहेत. आणि अक्षरं घडवणारा म्हणून नाव कुणाचं? तुझं. फक्त तुझं. लाज कशी वाटली नाही रे?

सात वर्षं अब्बांनी बोरू झिजवला. एकेका अक्षराची चार रूपं: सुटं, शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. एक वळण जमेना की पाट्या रंगवायचं काम तसंच टाकून बसायचे, आणि आपण दोघं ओल्या कागदांना वारा घालायचो. ते कागद तू 'स्कॅन करून आणतो' म्हणून नेलेस, ते नेलेसच. पुढच्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हा दोन दिवस आलास, तिसऱ्या दिवशी तुझी मीटिंग निघाली.

पण चोरी करायलाही अक्कल लागते. 'ऐन' या अक्षराचं शेवटचं रूप त्या गठ्ठ्यात नव्हतंच. मनासारखं उतरेना म्हणून अब्बांनी ते मागे ठेवलं होतं. तू मधल्या रूपाचं डोकं घेतलंस, सुट्या रूपाची शेपटी चिकटवलीस आणि झालास मोकळा. अब्बांनी पहिलंच पान उघडलं आणि बोट नेमकं तिथे ठेवलं.

मला वाटलं, आता भडकतील. मी तर वाटच बघत होते. पण ते हसले. पोराने मागितलं असतं तर दिलं नसतं का, एवढंच म्हणाले. मग रोज सकाळी डाव्या हातात बोरू. सहा आठवडे. थरथरत, शाई सांडत, माझ्यावर खेकसत. तो ऐन सोबतच्या कागदावर आहे. तुझा काढून हा बसव, असा त्यांचा निरोप आहे.

आता माझा निरोप. त्यांना हल्ली मोठी अक्षरं दिसतात, बारीक दिसत नाहीत. शेवटच्या पानावर कुणाचं नाव आहे ते त्यांनी मला वाचायला लावलं. मी आधी त्यांचं नाव वाचलं, मग तुझं. तेव्हापासून येईल त्याच्यापुढे ते पान धरतात. आजवर सगळ्यांना मी दारातच गाठून गप्प केलंय. कधीतरी एखादा सुटेल आणि मोठ्याने वाचेल. त्याच्या आत पुस्तिका नव्याने छापून पाठव.

तुझीच, नाइलाजाने,
आपा