बुजवलेली खांड

पेण. अमावास्या, दिवेलागण

हे गेल्यापासून दिराचा माझ्या शेतावर डोळा. काल माझ्यादेखत त्याने कुदळीने बांध फोडला, बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी भातात शिरलं. मी ओरडले, आळी चिखल घेऊन धावली, मोठ्या भरतीआधी खांड बुजवली. आमच्यात आधी खांड बुजवतात, भांडण मागाहून.

आज चौकीत हवालदार म्हणाला, "खांड कुठं हाय, बाय? पुरावा नाय. भावकीचा वाद, दिवाणी कोर्टात जा."

"मुद्दाम बांध फोडणं गुन्हा हाय. कायद्याच्या पुस्तकात वाचलंय मी."

बाकावर बसलेला दीर हसला. "मग बुजवलीस कशाला गो?"

कशाला? पंचनाम्यासाठी खाडी शेतात ठेवू? हे असते तर यांनीही आधी खांडच बुजवली असती.

उद्या सगळी आळी चौकीत नेते. ज्यांनी चिखल टाकला, त्यांनीच खांड पाहिलीय.