गाठ न मारलेले टाके

२४ मार्च, शुक्रवार

आधी एक चूक दुरुस्त करते. परवा इथे पोहोचल्याच्या आनंदात मी लिहिलं की शिवणघर सांभाळणाऱ्या ताक मावशींनी मला राजमातेचा दरबारी झगा शिवायला दिला. ते खरं नाही. त्यांनी दिले ते युवराज्ञीचे जायचे कपडे, म्हणजे मेल्यावर अंगावर चढवायचे. सिनेमात ती शेवटाकडे विष पिते. फाटकावर फोन जमा करण्याआधी मी आईलाही झगाच सांगितला, तिला वाईट वाटलं असतं म्हणून. वहीत तरी खोटं नको.

बाकी सगळं छान आहे. दोन डोंगरांच्या बेचक्यात उभारलेला राजवाडा इतका खरा वाटतो की पहिल्या दिवशी मी सिंहासनाच्या दालनासमोर नकळत मान झुकवली. मागे गेलं की प्लायवूड आणि टेकू. निम्मी दारं नुसती रंगवलेली. राणीवशाच्या मागच्या खोलीत आमचं शिवणघर. मुहूर्ताच्या पूजेला आमच्या रिवाजाप्रमाणे डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडलं होतं, ते अगदी दिग्दर्शक गू साहेबांसारखं हसत होतं असं कोणीतरी कुजबुजलं आणि वाकून नमस्कार करताना आमची सगळी रांग हसली. मग वाईट काही आत येऊ नये म्हणून मावशींनी शिवणघराच्या दारावर सुका मासा टांगला. पांढऱ्या दोऱ्याची गाठ मात्र मला मारायला लावली. नवा हात शुभ असतो म्हणाल्या.

गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून फोन फक्त रविवारी तासभर मिळतात. तेही बरंच. कामात लक्ष राहील.

२८ मार्च, मंगळवार

शाळेत जायच्या आधीच मी आजीच्या मांडीशी बसून सुई धरायला शिकले. अधिक महिना आला की गावातल्या म्हाताऱ्या आपले जायचे कपडे शिवून घ्यायला तिच्याकडे यायच्या. या महिन्यात मरणाचं लक्ष नसतं ना. माप देताना एकमेकींना चिडवायच्या, "हिचे चांगले सैल शिव गं, वर फुकटचं जेवण आहे."

आजीचे नियम तीन. दोऱ्याला गाठ नाही. उलटी टीप नाही, टाका मागे फिरवायचा नाही. आणि जिवंत माणसाने ते घालून बघायचे नाहीत. गाठ राहिली तर जाणारा अडकतो. एकदा नाटकवाल्यांनी तिच्याकडे असे कपडे मागितले तेव्हा तिने प्रत्येक शिवणीत मुद्दाम गाठ मारली. म्हणाली, जिवंत माणूस अडकलेलाच बरा.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. कपडे नटीच्या अंगावर चढणार, मला गाठी मारू द्या. मावशींनी कपाळाला हात लावला. "बाई गं, कॅमेरा शिवणीवर येणार आहे. एक गाठ दिसू दे, नेटवर लोक आपली सालटी सोलतील. मागच्या सिनेमात केसातला काटा शंभर वर्षं नंतरच्या काळातला निघाला, तर साहेबांना माफीपत्र लिहावं लागलं होतं."

मी वाद घातला नाही. अधिक महिना चालू आहे, आणि मी गाठ न मारता शिवते आहे. चुकीचं काहीच नाही, फक्त आतून बरं वाटत नाही.

२ एप्रिल, रविवार

कपडे शिवून झाले. जायचे कपडे सैल असतात, पण मला माप नेमकं दिलं होतं. हे आधी लिहायचं राहिलं.

माप बघायला नटी प्यॉन दारे आली. युवराज्ञीचं काम तीच करते. उंबऱ्याशीच हाताची घडी घालून उभी राहिली. "मावशी, विष पिते, जमिनीवर लोळते, हवं तर दहा वेळा मरते. पण अधिक महिन्यात हे अंगाला लावलं तर आई मला घरात घेणार नाही." मावशी हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्हा दोघींची उंची सारखीच, म्हणाल्या, दोन मिनिटं घाल, गळपट्टी कशी बसते तेवढं बघू.

नाही म्हणायला हवं होतं. पण त्या वयाने केवढ्या मोठ्या, दारात गू साहेब घड्याळ बघत उभे, आणि मला कामावर येऊन दहा दिवस झालेले. मी घातले.

अगदी नेमके बसले. दारेने टाळ्या वाजवल्या. "अगं उनसोल, माझ्यापेक्षा तुलाच शोभतंय!" सगळे हसले. मीही हसले.

कापड आतून ऊबदार होतं. नुकतंच कोणीतरी अंगावरून उतरवल्यासारखं.

५ एप्रिल, बुधवार

सुका मासा खाली पडला. दोरा तुटलेला नाही, गाठच सुटली. आजीने गाठसुद्धा शिकवली नाही का, म्हणून मावशी रागावल्या.

बुटांच्या नाड्या दिवसातून आठदा सुटतात. वेणी सुटते. ब्लाउजचं बटण गळून पडलं आणि बटणाचा दोरा मात्र अखंड हातात आला, टोकापर्यंत सरळ.

दमले असेन.

९ एप्रिल, रविवार

काल जेवणाच्या गाडीवरच्या बाईंनी माझं ताट लावलं नाही. यादीत नाव नव्हतं. एरवी मला "कोवळी सुई" म्हणून हाक मारून जास्तीचा मुळा वाढतात. काल माझ्या मागच्या माणसाला वाढत राहिल्या.

आज फाटकावर माझा फोन सापडला नाही. दारेच्या फोनवरून आईला लावला. मी म्हटलं, आई, मी. ती फार अदबीने बोलली, अनोळखी माणसाशी बोलतात तशी. म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय बाळ, मला एकच मुलगा आहे. मी पुन्हा लावला. मग ती घाबरली, म्हणून मी ठेवून दिला.

आता समजतं आहे. गाठ अडकवते. बिनगाठीचे कपडे अंगावर घातले, आता मला कुठेच अडकवणारं काही उरलेलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार

जायचे कपडे ठेवलेली पेटी उघडून प्रत्येक शिवणीला गाठ मारली. एकेचाळीस. दोनदा मोजल्या.

१२ एप्रिल, बुधवार

एकेचाळीस सरळ टोकं.

ताक मावशी शिवणघरात आल्या, मी समोर बसलेले, आणि त्या कोणाला तरी म्हणाल्या की नवी मुलगी पाठवतो म्हणाले होते, अजून आलीच नाही, ही आजकालची पोरं. मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सुरकुती झटकावी तशी सोडवली.

१३ एप्रिल, गुरुवार

शहरात जाणारी बस. पायरीवर पाय ठेवला होता. चालक म्हणाला, सगळे आले ना. दार लागलं.

पायी निघाले. फाटक होतं तिथे गेले. ढकललं. रंगवलेलं दार. मागे प्लायवूड, टेकू, आणि त्याच्यामागे डोंगर नाही, पुन्हा राणीवसा.

चार वेळा.

१४ एप्रिल, शुक्रवार

सूचनाफलकावर पुढच्या कामांची यादी लागली. जेवणाच्या यादीत मी नाही. खोल्यांच्या यादीत नाही. बसच्या नाही.

एका ओळीत आहे. बुधवार, १९ एप्रिल, सकाळी सहा. शवपेटीचा प्रसंग. युवराज्ञीचं प्रेत: मेंग उनसोल.

स्वच्छ अक्षर. पूर्ण नाव. इतक्या दिवसांनी माझं नाव बघून मला— आनंद झाला. लाज वाटते. पण झाला.

१५ एप्रिल

अधिक महिना १९ तारखेलाच संपतो. त्यानंतर मरणाचं लक्ष असतं.

आजी जुने जायचे कपडे जाळायची. माप बदललं, बाई जाड झाली, की जाळायचे आणि नवे शिवायचे. राख झाली की माप सुटतं, म्हणायची. हे आधी का नाही आठवलं.

मंगळवारी सगळे नदीकाठच्या कामाला जाणार. जेवणाच्या गाडीची शेगडी मागे राहते. तेव्हा.

आज का नाही— आज लोक आहेत. कोणी बघत नाही खरं, पण पेटीला कालपासून कुलूप आहे, किल्ली मावशींच्या कमरेला. मंगळवारी त्या ती खिळ्याला लावून जातील.

१६

झोपले नाही. की झोपले. वहीची शिवण सुटते आहे, पानं धरून लिहिते—

१७ एप्रिल, सोमवार

सोमवारच. मोजलं. मध्ये एखादा दिवस निसटला असेल तर— नाही. सोमवार.

बाहेर गडबड आहे. नदीकाठी जायचं ते उद्या. लाकडी काहीतरी ओढत आणतायत, मावशी ओरडतायत, झाकण जपून, रंग ओला आहे. तालीम असणार. बुधवारची तालीम आज—

किल्ली खिळ्यावर होती. पेटी उघडली. रिकामी.

ऊब लागते आहे. गळ्याशी. गळपट्टी नेमकी बसली आहे. मी कधी—

गू साहेब विचारतायत, सहा वाजले, मुलगी आली का. मावशी म्हणतात, हो, हो, ही काय, केव्हाची तयार बसली आहे. माझ्याकडे बघतायत. हसतायत. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे

नाही. उद्या जाळते. उद्या मंगळवार, १८ एप्रिल, सकाळी सगळे गेले की लगेच, १८ एप्रिल, मंगळ