उधाण कुठे संपतं

मांडवी, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय शिवा,

हे पत्र तुझी खुशाली विचारायला लिहिलेलं नाही. तू बरा असशीलच. मी रागावलो आहे, आणि माझा राग तोंडाने बाहेर पडत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. लवूच्या शोकसभेत तू जे बोललास ते खोटं होतं. तू उभा राहिलास, चष्मा काढून हातात धरलास आणि सांगितलंस की शेवटच्या भेटीत लवूने तुझा हात धरला आणि म्हणाला, शिवा, तुझंच खरं होतं रे, उधाण तिथेच संपतं. मग लोकांना कळावं म्हणून हसत हसत समजावून दिलंस की आमचं एका विलायती गाण्यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं, पोरवय होतं, शब्दसुद्धा धड कळत नव्हते, पण जाता जाता त्याने मोठ्या मनाने हार मानली. लोकांनी डोळे पुसले. लवू ज्यांच्याकडे कामाला होता ते बर्फ कारखान्याचे शेठ मान हलवून म्हणाले की असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो.

तुझ्या त्या भेटीच्या वेळी मी इस्पितळात तिथेच होतो. स्टुलावर, खिडकीकडे. तू म्हणशील की सदू मध्ये शहाळं आणायला गेला होता. गेलो होतो. पण परत आलो तेव्हा जिन्यातच मला तुमचे आवाज ऐकू आले होते. नर्स दारात उभी राहून म्हणत होती की हे इस्पितळ आहे, मासळीचा लिलाव नाही. आणि लवू, डोळे हळदीसारखे पिवळे, हाताला सुई, उशीवरून मान उचलून तुला म्हणत होता, "मेल्या शिवा, गाणं पुढे आहे. ज्या दिवशी ऐकशील ना, त्या दिवशी नाक घासत येशील या मांडवीत." तू म्हणालास, "आधी तू बरा हो, मग कोण नाक घासतो बघू." तो म्हणाला, "मी बरा होतोच आहे. तू नाक तयार ठेव." एवढंच झालं. त्यानंतर तुझ्या गाडीची वेळ झाली आणि तू गेलास. यात कुठे हात धरला, कुठे हार मानली?

कावीळ उलटल्यावर पुढचे दिवस तो फारसा बोलला नाही. पण जे काही बोलला ते मी ऐकलं आहे. त्यात तुझं खरं होतं असं एकदाही नव्हतं.

तू मुंबईत औषधं विकतोस, तुला बोलण्याची सवय आहे. डॉक्टरांना जे ऐकायला बरं वाटतं ते तू सांगतोस, तो तुझा धंदा आहे, त्यावर मी बोलत नाही. पण लवूचं मत हे काही तुझ्या बॅगेतलं सॅम्पल नव्हे. माणूस गेला म्हणून त्याचं मत आपल्या बाजूला ओढून घ्यायचं? जिवंत असताना जे तुला जमलं नाही ते हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून करायचं? आणि वर पोरवय म्हणायचं. पोरवय कसलं? गेल्या शिमग्याला एस.टी.तून उतरून, हातातली बॅगही खाली न ठेवता, तू लवूच्या पडवीत शिरताच काय म्हणालास ते आठव. "काय लवूशेठ, सापडला का पुढचा तुकडा?" तेव्हा तुझ्या डोक्यावरचे केस गेलेले होते. आपण तिघेही चांगले बापई होतो, पोरं नव्हे.

मला राग येतो तो याचा की तू ती कॅसेट अशी सांगितलीस जणू ते एखादं खेळणं होतं. लवूचा मावसभाऊ बाबल्या बोटीवर चढला आणि पहिल्या सुट्टीला आला तो टेपरेकॉर्डर आणि ती एक कॅसेट घेऊन. बोटीवरच्या कुणा दोस्ताने कुणाच्या तबकड्यांवरून भरून दिलेली, वर ना नाव ना चिठ्ठी. कोण गातंय, कुठल्या देशाचं, काही पत्ता नाही. आपण पडवीत बसून ऐकली. लवूच्या आईने माजघरातून विचारलं होतं की कुणाला मारतायत का रे. पण दुसऱ्या रविवारी आपण पुन्हा जमलो, आणि मग दर रविवारी. गाण्यांना नावं आपणच दिली. भात कांडायच्या गिरणीसारखा ठेका होता ते गिरणी. घसा बसलेल्या माणसाचं ते म्हातारा. आणि कॅसेटच्या एका बाजूच्या शेवटी ते लांबलचक, आधी एकच गिटार, हळू, जेट्टीच्या पायऱ्यांवर पाणी चढावं तसं चढत जाणारं, मग ढोल, मग सगळी वाद्यं, मग तो गाणारा नुसता ओरडतो, आणि तिथे, ऐन वरती, खट. पुढे काही नाही. जरा वेळ शांत पट्टी फिरते आणि बटण वर उडतं. ते उधाण.

तू पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस की यालाच हिंमत म्हणतात. दुसरा कुणी असता तर गाणं हळूहळू उतरवून घरी नेऊन सोडलं असतं, या माणसाने कड्यावर नेऊन सोडून दिलं. लवू म्हणाला, हिंमत नाही, पट्टी संपली. भरणाऱ्याने बघितलं की आता मावत नाही आणि बटण दाबलं. तू म्हणालास, मग शेवटी शांत पट्टी कशी उरली? तो म्हणाला, घाबरून आधीच दाबलं असेल, तुझ्यासारखा असेल कुणीतरी. आणि मग त्याने ते सांगितलं जे तो कायम सांगत राहिला, की उधाणाचं पाणी चढलं की उतरतंच, सुरुवातीची ती एकटी गिटार परत आल्याशिवाय हे गाणं पुरं होत नाही, ती येते, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. तू त्याला म्हणायचास की लवू, तू बर्फ फोडतोस तोच बरा, तुला गाण्यातही वजनमाप लागतं. तो म्हणायचा, तू जज्ज व्हायचास, साक्षीदार न बघता निकाल देतोस. सगुणावहिनी लवूशी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रविवारी तिला वाटलं जमिनीचा वाद आहे. चहा घेऊन आली आणि मला हळूच म्हणाली, "भावोजी, बांधावरून आहे का?" पुढे तिलाही ते गाणं पाठ झालं. खट झालं की ती आतून म्हणायची, "घ्या, मेलं परत."

मी या सगळ्यात कॅसेट उलटायचो. सेल वाचावेत म्हणून पेन्सिल घालून पट्टी मागे फिरवायचो, सेल उतरले की पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचो. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तुम्ही दोघं भांडत होता म्हणून मला बसायला जागा होती. मी तिथे बोललो नाही, पण तुम्ही कोण काय बोललात ते माझ्याइतकं कुणाच्याच लक्षात नाही. म्हणूनच तू ते बदललंस हे मला सहन होत नाही. तुला वाटलं असेल, ऐकणारे दोघेच होते, त्यातला एक गेला आणि दुसरा सदू.

आता बातमी. नवरात्रात बाबल्या बोटीवरून उतरला. लवू गेल्याची तार त्याला भर समुद्रात मिळाली होती. रत्नागिरीत आला तो स्वतःच्या घरी जायच्या आधी लवूकडे आला, मी तिथेच होतो. पडवीत टेकला. मग बॅगेतून एक कॅसेट काढली. विकत घेतलेली, कंपनीची, वर छापील चित्र, अजून कागदात बंद. लवूने त्याला गेल्या खेपेला जेट्टीवर बसवून उधाण तोंडाने म्हणून दाखवलं होतं, पाठ होईपर्यंत सोडलं नव्हतं. बाबल्याने रॉटरडॅमच्या एका दुकानात उभं राहून ते म्हणून दाखवलं, ढोलासकट. दुकानातली माणसं हसायला लागली, बोटीवरचे सोबतीही हसले. बाबल्या म्हणाला, "मी म्हटलं हसा लेकांनो, माझ्या भावाचं गाणं आहे." शेवटी गल्ल्यावरच्या एका म्हातारीने हात वर करून त्याला थांबवलं आणि मागून ही कॅसेट आणून दिली. दुकानात तिने तशीच एक उघडी कॅसेट लावलीसुद्धा, पण गिटार सुरू झाल्यावर बाबल्याने ओळखलं आणि लगेच बंद करायला सांगितलं. पुढचं आधी लवूने ऐकायचं, असं तो म्हणाला; तार तोवर आली नव्हती. वेष्टनावर गाण्यांची नावं आहेत. म्हातारीने बोट ठेवून दाखवलेलं आपलं गाणं मधलं आहे, त्याच्यापुढे आणखी गाणी आहेत, म्हणजे इथे पट्टी संपायचा प्रश्न नाही. जे आहे ते सगळं त्यात आहे.

मी म्हटलं, वहिनी, लावू या का. तिने कॅसेट माझ्या हातातून घेतली आणि फडताळात ठेवून दिली. म्हणाली, "आता काय ऐकायचंय? शिवाभावोजींचं खरं ठरलंय ना. यांनीच कबूल केलं." मी काही बोलणार तोच ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, तांदूळ संपलेत म्हणून सांगावं तसा, "बांगड्याच्या वाट्यावर चार आण्यांसाठी कोळणीशी तास घालवणारा माणूस. त्या गाण्यावरून तर देवाचंही ऐकलं नसतं. ते तिथे सोडून दिलं म्हणजे त्यांनी तेव्हाच हात टेकले होते, भावोजी. मला म्हणायचे, मी बरा होतोय, आणि तुमच्या मित्राला खरं सांगून गेले. मी आपली वेडी, उशाशी बसून पेज भरवत होते." मला नाही, नाही, एवढंच म्हणता आलं. तिने ते सांत्वन समजून मान हलवली आणि आत गेली.

तर यासाठी हे पत्र लिहिलं, शिवा. तुला लवू मोठ्या मनाचा दाखवायचा होता, आणि तू त्याच्या बायकोला सांगून गेलास की तिचा नवरा मरायच्या आधीच हरला होता. मी सांगून ती मानणार नाही, तिला वाटेल सदूभावोजी भला माणूस आहे, समजूत घालतोय. ते तुलाच येऊन सांगावं लागेल. दिवाळीला ये. सभेत बोललास तितक्याच मोठ्याने त्या पडवीत बोल, की लवू शेवटपर्यंत भांडत होता आणि तुला नाक तयार ठेवायला सांगत होता. मग वहिनी कॅसेट काढून देईल असं मला वाटतं. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, म्हणजे तिथे तुला नवल वाटायला नको. मलाही पहिल्या दिवसापासून तुझंच पटलेलं आहे. गाणं तिथेच संपतं असंच मला वाटतं, अजूनही. पण म्हणून काही होत नाही. तू आलास की मी लवूच्या जागेवर बसणार आहे, खांबाला पाठ लावून, आणि त्याच्या बाजूने भांडणार आहे. तो काय काय बोलला असता ते सगळं मला येतं. तू हवं तेवढं तयार होऊन ये, मी ऐकून घेणार नाही. फक्त एक आहे, मला भांडायचं असल्यामुळे माझ्याकडून दुसरं काही होणार नाही. कॅसेट तू लाव.

तुझाच,
सदू