खांदा तूच देजो

मंगळवार, दिवेलागणीला. पांढुर्णा

बाबांनी आज सौंसरच्या गिऱ्हाइकाच्या रायफलची नळी बिघडवली. नळी जिथं अडते तो खांदा लेथवर जास्त कापल्या गेला. नळी आत घुसली, आता गोळीमागचा बोल्टच बंद होत नाही.

"खांद्याऐवजी नटवाली नळी असती तर थोडी फिरवून कसता आली असती," मी म्हटलं.

बाबा भडकले. "नट म्हंजे ज्याचा हात थरथरते त्याची सोय! आपल्या दुकानात नळीले खांदाच देतात."

हात तर त्यांचाच थरथरून राहिला. कसं सांगू? नागपूरच्या नोकरीचं पत्र खिशात होतं, तेही आज दाखवायचं होतं.

मग बाबाच हळू म्हणाले, "आतापासून खांदा तूच देजो."

हो म्हटलं. घरी आल्यावर उमगलं, कशाकशाले हो म्हणून बसलो. पत्र अजून खिशातच आहे.