लाईट गेल्यावरचा सिनेमा

माय, तो सिनेमा शेवटी मी पूर्ण पाहिला. तोच गं, मास्तरांच्या ओट्यावर रविवारी संध्याकाळी टीव्ही मांडायचे, तिथे आपण अर्धा पाहिलेला. विधवा बाई, दोन लेकरं, मोठ्या घरची धुणीभांडी. तोंडाला पदर लावून बघता बघता तू मधेच म्हणालीस, "लई रडती बया. भाकरी कवा करती मंग?" बायका हसल्या. पुढे तिच्यावर हार चोरल्याचा आळ येतो, मालकीण तिला हाकलते आणि ती लेकरांना घेऊन कुठल्याशा अनोळखी स्टेशनावर उतरते. तेवढ्यात लाईट गेली. आपण सगळ्यांनी वीजवाल्यांना शिव्या घातल्या आणि अंधारात घरी आलो.

बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू मला शाळा सोडायला लावून पहिल्यांदाच शेतात निंदायला नेलंस. वाटेत बायकांनी विचारलं, पुढं काय झालं असंल? "काय व्हनार? टेशनावर उतरली न्हवं? भुकेली मानसं तिथंच असत्यात. तीन दगडं मांडल, भाकरी थापल, इकल." मग रोज निंदता निंदता तू ती गोष्ट पुढे नेत होतीस. भाकरीबरोबर ठेचा आला, मग पत्र्याची टपरी आली. एक दिवस बोलून गेलीस, "आन पोरगी शाळंत जाती तिची." मागच्या पाथीत ओळीनं निंदणारी काकू म्हणाली, "आन तुझी गं?" तुझं खुरपं तेवढं जोरात चालायला लागलं. मला वाटलं, आता ही माझ्यावरच कावणार. संध्याकाळी तू माझा शाळेचा झगा धुऊन दोरीवर टाकलास. "उद्या जाय शाळंत. चारचौघीत बोलून बसले मी."

आणि मग खरंच बदनापूर स्टेशनाबाहेर तीन दगड मांडलेस. सुरुवातीला भाकरी तशाच परत यायच्या, आपण त्या कुस्करून तेल-तिखट घालून खायचो. काकू गाडीला आली की चिडवायची, "सिनेमातली बाई इथंच हाय का?" तू म्हणायचीस, "हाय ना. बस, जेवती का?" हळूहळू जालन्याला जाणारे नोकरदार डबे न्यायला लागले. आपल्या घरी टीव्ही आल्यावर तोच सिनेमा परत लागला होता. मी हाक मारली, तर तू थापता थापता म्हणालीस, "मला म्हाईतै तिचं काय झालं." पिठाचे हातही धुतले नाहीस. मग मीही टीव्ही बंद केला.

आता मी जालन्यात कॉलेजात शिकवते. गरिबीवर मात करणाऱ्या आईचा सिनेमा दाखवा आणि त्यावर बोला, असं मला प्राचार्यांनी सांगितलं. मी तोच निवडला, आधी घरी सीडी लावून बघितला. माय, स्टेशनावर एक मोटार येते. तिच्यातून तिचा रुसलेला श्रीमंत बाप उतरतो, तिला जवळ घेतो, बंगल्यावर नेतो. संपलं. दगड नाहीत, भाकरी नाही. बाईनं नुसतं सोसत राहायचं आणि सुख दुसऱ्यानं मोटारीतून आणायचं! असा राग आला मला. त्या दिवशी लाईट गेली नसती, तर तूही डोळे पुसून घरी आली असतीस, आणि मी अजून पाथीत बसलेली असते.

कॉलेजात मी सिनेमा स्टेशनावरच थांबवला. म्हटलं, सीडी खराब आहे, आता तुम्हीच सांगा. मागून अंतरवालीची एक पोरगी उठली. "मॅडम, आधी नळ कुठंय ते बघावं तिनं. पानी तर सगळ्यालाच लागतं." मला हसू आवरेना. पाण्याचं तुलाही सुचलं नव्हतं. पहिल्या दिवशी घागर आणायला मी घरी पळाले होते. त्यानंतर पोरी अशा बोलायला लागल्या की तास संपला तरी उठेनात.

सीडी ठणठणीत आहे. कपाटात ठेवलीय, हा कागदही तिच्याखालीच ठेवते. आणि एक सांगते, पोरींना नाही सांगितलं. राग आला खरा, पण त्या बापानं तिला जवळ घेतलं तेव्हा मी रडले. लई रडले. तुला न्यायला कधीच कुणी आलं नाही गं.