नवव्या दिवसाचं पाणी

लातूर,
१२ मे १९८३

ती. अप्पांना,
गुरम्माचा शरणार्थ.

इकडे आम्ही बरे आहोत. हातपंप कोरडा पडलाय, टँकर एक दिवसाआड येतो. तुम्ही ताक घेता ना? अजून मऊ भातच खा, भाकरीची घाई नको.

तुमचं कार्ड मिळालं. रविवारी गावात तुमचा सत्कार आहे, मी चार शब्द बोलावेत म्हणता. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं.

काल कॉलेजात सुट्टीतल्या जादा तासाला फळ्यावर एटीपीचा रेणू काढला. त्याचा शेवटचा फॉस्फेट तुटला की पेशीला शक्ती मिळते, अन्न जाळून तो पुन्हा जोडायचा. अंगात त्याचा साठा काही क्षणांपुरताच. एकीनं विचारलं, "मॅडम, साखर संपली तर?" यकृतातली दिवसभरात संपते, मग चरबी, मग अंगातलं मांस, असं सांगितलं. हृदयही मांसाचंच असतं, हे तोंडातून निघेना. तास अर्धवट सोडून बाहेर आले.

"नवा जिल्हा झाला, आता तरी गावाला विहीर द्या" म्हणून तुम्ही कचेरीपुढं उपोषणाला बसलात. नवव्या दिवशी तुमच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता. नाडी मधेच ठोका गाळत होती. विनवण्या करून झाल्या होत्या. मी घरी गेले आणि तुमच्या पाण्याच्या तांब्यात चार चमचे ग्लुकोज ढवळलं.

तुम्ही एक घोट घेतलात, थांबलात.

"गुरम्मा, पाणी लई गोड लागून राहिलंय."

"उपाशी तोंडाला लागतं तसं, अप्पा."

"हाव, तसंच असंल," म्हणालात, आणि तांब्या रिकामा केलात.

दहाव्या, अकराव्या दिवशीही मी तेच केलं. अकराव्या दिवशी विहिरीचा हुकूम निघाला. लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं. मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले.

तुम्हाला कळलं होतं का, अप्पा? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवणारे मास्तर तुम्ही, आणि तुमचं उपोषण मी न विचारता मोडलं. "अकरा दिवस नुसतं पाणी" हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून रविवारी येत नाही. गावाला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तर माझं नाव घेऊन सांगा.

पश्चात्ताप होतोय का, हे स्वतःला विचारून पाहिलं. होत नाही. पुन्हा बसलात तर मी पुन्हा तेच करीन. म्हणून तेव्हा माझ्या हातचं पाणी घेऊ नका.

तुमचा विश्वास मोडलेली, तरी तुमचीच लेक,
गुरम्मा